फुलवंताचं झाड कोणी दाखवलं

गावात नवा माणूस आला की माझी बायको आधी त्याच्या पायांकडे पाहायची. तोंडाकडे नंतर. सिंदेवाहीकडून येणाऱ्या रस्त्यावर गावातलं पहिलं घर आमचं. त्यामुळे मतं मागणारा असो, भांडी विकणारा असो, नाहीतर सरकारी माणूस असो, त्याला फुलवंताच्या अंगणावरूनच जावं लागायचं. ती खाट टाकायची, पाणी द्यायची, आणि त्याच्या जोड्याकडे पाहत विचारायची, "कोणाकडून आले जी?" तो सांगायचा. मग इकडचं तिकडचं बोलून झालं की पुन्हा, "म्हणजे तुमाले पाठोलं कोणं?" मग चहा. चहा पिऊन तो उठायला लागला की तिसऱ्यांदा, "आता जाऊन सांगान कोणाले?" तिन्ही उत्तरं जुळली तर माणूस खरा. असे जुळलेले माझ्या आठवणीत फार नाहीत.

"ज्याच्या जोड्याले धूळ नाई, थो गावात आलाच नाई," ती म्हणायची. "थो गाडीत आला आन् गाडीतच गेला."

मी चौथी शिकलो, ती सातवी. लग्न ठरवताना तिच्या बापानं तिची सातवी सांगितली नाही, जावई बिचकेल म्हणून. माझ्या बापानं माझी चौथी सांगितली नाही, पोरगी मिळणार नाही म्हणून. दोघांनी एकमेकांना बरोबर फसवलं. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, घरात खताचं पोतं आलं. त्यावरचं सगळं तिनं उभ्या उभ्या घडाघडा वाचून दाखवलं आणि मी पोत्याकडे पाहत राहिलो. त्या दिवसापासून घरात आलेला कागद आधी तिच्या हातात जायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

तिचा कोणावर भरवसा नव्हता. लताला, आमच्या पोरीला, पहिलं स्थळ आलं तेव्हाची गोष्ट. मुलाकडे चार बैल, दोन दुभत्या म्हशी असं सांगितलं होतं, आणि आम्ही पाहून आलो तेव्हा गोठ्यात ते होतेही. मी हो म्हणून मोकळा झालो. आठ दिवसांनी ही मला न सांगता एकटीच बसनं त्या गावी गेली, पाणी मागायच्या निमित्तानं सरळ मागच्या दारानं गोठ्यात. गोठ्यात एक म्हातारी गाय. बैल, म्हशी सगळं शेजाऱ्याचं होतं, बैल वखराला गेलेले. घरी येऊन लुगड्याचा पदर झटकत म्हणाली, "लताचे बाबा, बैलाले नाव विचारलं होतं का तुमी?"

"बैलाले कोण नाव विचारते वो?"

"मालकाचं नाव विचाराचं असते."

ते लग्न मोडलं. पुढे लताला चांगलं घर मिळालं. जावयाच्या मनात सासूची भीती शेवटपर्यंत राहिली, ती गोष्ट वेगळी.

मग वेगवान रेल्वेगाडीची बातमी आली. पेपरात नकाशा आला होता, त्यावर एक लाल रेघ. ती रेघ आमच्या जंगलातून जात होती असं कोणी म्हणे, कोणी म्हणे पलीकडून. चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज त्याचीच सभा. गावाचे दोन भाग पडले. एका पक्षाचा पुढारी आला आणि सांगून गेला की सकाळी गाडीत बसले तर चहा थंड व्हायच्या आत नागपूर येईल, पोरांना नोकऱ्या, बाईमाणसांना दवाखाना. चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा आला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला की माझ्या प्रेतावरून गाडी जाईल. लोकांनी दोघांनाही टाळ्या वाजवल्या. फुलवंतानं कोणालाच वाजवल्या नाहीत.

"काऊन वो, यालेही नाई आन् त्यालेही नाई?" मी विचारलं.

"एक म्हणते आणतो, दुसरा म्हणते अडवतो. दोघं ज्या गाडीत बसून आले, थे एकाच कंपनीची होती, पाह्यलं का तुमी?"

मी गाडीच्या बाजूचा होतो. लपवत नाही. पोरगा हैदराबादला आहे, वर्षातून दोनदा येतो, पोळ्याला नाहीतर दिवाळीला. मला वाटायचं, गाडी झाली तर तो शनिवारी संध्याकाळी जेवायला येईल. हे मी तिला बोललो.

"गाडी थांबन कुठी?" तिनं विचारलं.

"सिंदेवाहीले."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणून राह्यले."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांगा."

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, "पन्नास गावाले थांबली तं थे वेगाची गाडी कशी राहीन? आन् नाई थांबली तं आपली कशी राहीन?" मग पुढं म्हणाली, "दोन्ही बाजूनं भिंत राहते म्हणते. ढोरं कुठून जातीन? आन् वाघ कुठून जाईन? त्याले पलीकडं जाता नाई आलं तं थो आपल्या अंगणातून जाईन. त्याचं तिकीट कोण काढन?"

टपरीवर मी हे तिचं म्हणून सांगितलं नाही, माझं म्हणून सांगितलं. लोक खूप हसले.

आता मोहाच्या झाडांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं कागदावर कोणाची नसतात, पण गावात ज्याची त्याची असतात. चैताच्या आधी जी बाई झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ करते, तिचं ते झाड. तिथं दुसरी बाई फूल वेचायला बसत नाही. सासू मेली की झाड सुनेकडे येतं. फुलवंताचं झाड माझ्या आईचं. लग्नानंतरच्या पहिल्या चैतात आईनं तिला पहाटे नेऊन दाखवलं होतं, मला कधी दाखवलं नव्हतं. बाया टोळीनं जायच्या, वाघाला कळावं म्हणून मोठ्यानं बोलत. उन्हं चढायच्या आत टोपल्या भरून परत. त्या झाडाच्या फुलांवर आमची दोन लेकरं शिकली असं ती म्हणायची आणि त्यात फार खोटं नव्हतं.

तर मोजणीवाले आले. शाळेत उतरले. जंगलात जाऊन झाडांना पांढऱ्या रंगानं नंबर टाकू लागले आणि विचारू लागले, हे झाड कोणाचं? आता चूक कशी झाली ते सांगतो. काही वर्षांआधी वनहक्काचा दावा चालला होता तेव्हा शेजारच्या गावानं आपली सगळी झाडं, सगळी हद्द लिहून दिली. त्यांना पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला. आम्ही आळस केला, आमची अर्धी झाडं लिहायची राहिली, तो दावा तसाच पडून आहे. त्यामुळे नंबर दिसला तसा गावानं समजून घेतलं की आता आपली पाळी आली. ज्याच्या झाडाला नंबर, त्याचा हक्क. बाया मोजणीवाल्यांच्या मागं धावू लागल्या. "साहेब, माहं झाड राह्यलं." कोणी त्यांना आंबील पाजली, कोणी कोंबडी कापली. आमची शेजारीण शेवंता तर एका साहेबाचा हात धरून त्याला नाला पार करून घेऊन गेली, कारण तिचं तिसरं झाड पलीकडे होतं. असे आम्ही हाताला धरून त्यांना आमच्या झाडांपाशी नेत होतो.

एकट्या फुलवंतानं दाखवलं नाही. साहेबानं विचारलं तर म्हणाली, "माहं झाडच नाई."

मी तिला टोमणा मारला, "आता यायच्या जोड्याले तं चिखल आहे. आता का म्हणशीन?"

"चिखल आहे. पण थे विचारून राह्यले झाड कोणाचं. झाड कायले पायजे थे नाई सांगून राह्यले."

माझ्या डोक्यात मात्र एकच, सगळ्यांना पट्टा मिळेल आणि आपण हिच्या संशयापायी राहू. मागच्या खेपेला राहिलो तसेच. दुसऱ्या दिवशी ती सिंदेवाहीच्या बाजाराला गेली. मी मोजणीवाल्यांना घेऊन जंगलात गेलो. तिचं झाड मला लोकांना विचारून शोधावं लागलं, इतकं ते तिचं होतं. "नाव काय लिहू?" साहेब म्हणाला. मी म्हटलं, "तिचंच लिहा. फुलवंता." मला वाटलं मोठं काम केलं. कधीतरी पट्ट्याचा कागद आला की तिच्या हातात देईन आणि म्हणेन, वाच.

चार दिवसांनी ती सरपणाला गेली आणि रिकामी परत आली. मी खाटेवर होतो.

"झाडाले नंबर आहे," ती म्हणाली. "कोणं दाखोलं?"

"मले का मालूम?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिसऱ्यांदा विचारेल असं वाटलं, पण तिनं दुसऱ्यांदाही विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि चूल पेटवायला गेली. तिच्या त्या एका "बरं" नंतर मला घरात बसवेना.

महिन्याभरानं शाळेच्या पटांगणात मांडव घालून गाडीबद्दल सुनावणी ठेवली. मोठा अधिकारी आला, दोन्ही पक्षांचे पुढारी समोर गादीवर. आधी त्यांचंच भांडण तासभर चाललं, कोण विकासाचा शत्रू आणि कोण जंगलाचा. लोक जांभया देऊ लागले. तेव्हा फुलवंता उभी राहिली. माईक हातात घेतला नाही, म्हणाली आवाज आहे मले.

"साहेब, झाडावर पांढरा नंबर टाकला. थे का होय?"

"मोजणी आहे बाई."

"मोजणी तं दिसूनच राह्यली. मोजून का करान?"

"त्यावरून मोबदला ठरतो."

"मोबदला उभ्या झाडाचा देता का पडलेल्या?"

अधिकाऱ्यानं पाण्याची बाटली उघडली, एक घोट प्याला. माणूस वाईट नव्हता, म्हणून खोटं बोलला नाही. "मार्गात येणारी झाडं काढावी लागतील."

"नंबरवाली?"

"हो. नंबरवाली."

मांडवात आधी कोणाला कळलंच नाही. मग शेवंता ओरडली, "माह्या तिन्ही झाडाले आहे वो माय!" आणि एकच गलका झाला. बाया उठल्या, एकमेकींवर धावल्या. तू दाखोलं म्हणून मी दाखोलं. तुह्या नवऱ्यानं कोंबडी खाऊ घातली. विरोधातल्या पुढाऱ्यानं लगेच माईक ओढला. गाडीच्या बाजूच्या पुढाऱ्यानं तो परत ओढून म्हटलं, "पण झाडं दाखवली कोणी? तुम्हीच ना? मग आता रडता कशाला?"

अधिकाऱ्यानं यादी काढली. "प्रत्येक झाड त्या त्या कुटुंबानं आपणहून दाखवलेलं आहे. कोणावर जबरदस्ती झालेली नाही." पान उलटून तो तिच्याकडे वळला. "बाई, तुमचंही नाव आहे इथं. फुलवंता, मोह एक. हे कोणी दाखवलं?"

सगळं गाव वळून पाहू लागलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलते. बोलायला पाहिजे होतं. मी स्वतः बोलायला पाहिजे होतं.

"मीनंच दाखोलं," ती म्हणाली.

"समजून दाखवलं?"

"हो."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. कोणीतरी मागून हसलं, "मोठी शहाणी बनत होती."

घरी येताना मी विचारलं, "काऊन असं बोलली?"

"मंग का सांगू? तुमचं नाव घेतलं असतं तं टपरीवर तुमाले कोणी बसू देलं नसतं. तिकडं गेल्याबिगर तुमाले करमत नाई."

"आन् तुले?"

"माह्यावर कोण भरवसा ठेवते? मी कोणावर ठेवला नाई. माहं का जाते?"

तिचं खूप गेलं. गावानं हरकत लिहिली, की नंबर कशासाठी ते आम्हाला सांगितलं नाही, आम्ही हक्क समजून झाडं दाखवली. वरून उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की गावातल्या एका शिकलेल्या बाईनं सुनावणीत सगळ्यांसमोर कबूल केलं आहे, समजून दाखवलं म्हणून. तेव्हा लोकांना माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. तो कागद तिनंच ग्रामपंचायतीत वाचून दाखवला, कारण ग्रामसेवक आला नव्हता. स्वतःविरुद्धचं सगळं तिनं न अडखळता वाचलं. शेवंता म्हणाली, "सातवी शिकून आमाले बुडवलं." त्या चैतात बायांच्या टोळीनं तिला हाक मारली नाही. ती वाघाच्या जंगलात एकटी जाऊन फूल वेचून आली. मोठ्यानं बोलायला सोबत कोणी नव्हतं, म्हणून टोपलीवर काठी वाजवत गेली. मी म्हटलं मी येतो, तर म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमी लोकायले रस्ता दाखोता."

तेवढंच. बाकी त्या गोष्टीवर ती मला आयुष्यात एक शब्द बोलली नाही.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती उतरली नाही. गडचिरोलीला दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावायला नर्स आली तर ही विचारते, "हे माह्यासाठीच फोडलं का? कोणाचं उरलेलं तं नाई?" नर्स हसली, म्हणाली तुमच्यासमोर फोडते आजी. पुढच्या वेळेपासून ती खरंच समोर फोडायची. शेवटच्या दोन दिवसांत विचारणं बंद झालं. जे दिलं ते घेत होती. तेव्हा मला कळलं की ती राहत नाही. पोरगा हैदराबादहून निघाला, बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस. पोचला तेव्हा आम्ही थांबलो होतो, पण ती थांबली नव्हती. गाडीच्या बाजूचे लोक मला म्हणाले, पाहा, ती गाडी असती तर पोराला माय भेटली असती. असेलही. मी वाद घातला नाही. पण ती असती तर विचारलं असतं, गाडी थांबली असती कुठी?

गाडीचं अजून काही ठरलेलं नाही. कधी पेपरात येतं की मार्ग बदलला, कधी येतं की निधी आला. पुढारी दोन्ही तेच आहेत, फक्त एकानं पक्ष बदलला, त्यामुळे आता अडवणारा आणतो म्हणतो. गेल्या महिन्यात पुन्हा ग्रामसभा झाली. नव्यानं हरकत द्यायची, कुटुंबाकुटुंबानं आपलं म्हणणं सांगायचं. कोणी झाड दाखवलं, काय समजून दाखवलं. ग्रामसेवक वही घेऊन बसला होता. एकेकजण उठून सांगत होता. शेवंतानं तिन्ही झाडांचं सांगितलं, साहेबाचा हात धरल्याचंही सांगितलं. ग्रामसेवक म्हणाला, "तुमचं सगळं ठीक आहे हो, पण ते फुलवंताबाईचं कबूल केलेलं आडवं येते. ते कसं खोडायचं?"

मी उठलो. खांबाला धरून उठलो.

"तिनं दाखोलं नाई," मी म्हटलं. "मी दाखोलं. ती बाजाराले गेली होती. मले वाटलं पट्टा भेटते. तिले मालूमही नोतं."

मग शेवंता उभी राहिली.

"हे ती जित्ती असताना काऊन नाई बोलले, भाऊ? वर्षभर मी तिच्याशी बोलली नाई. माह्या दारावरून एकटी जायची जंगलात. काऊन नाई बोलले?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मोठं नव्हतं.

"भेलो," मी म्हटलं.

ग्रामसेवकानं पेन उचलला आणि ठेवला. "काका, झाडाचं लिहितो. हे बाकीचं लिहायची काही गरज नाही."

"लिही," मी म्हटलं. "आधी थेच लिही."